थेट सीडी-डीव्हीडीवर येणारे स्वस्तातले ॲक्शन सिनेमे इतके टुकार असतात, तरी ते बनवतं कोण आणि बघतं कोण?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की परवा रात्री खजिन्याच्या शोधाचा एक डब केलेला इंग्रजी सिनेमा बघितला, कवटी प्लास्टिकची होती, गुहा थर्माकोलची होती, जंगलात पळणाऱ्या हिरोच्या मागं डांबरी रस्ता दिसत होता, आणि घरातले सगळे हसत होते. पुढं विचारलंय, असल्या सिनेमात काम करणाऱ्यांना लाज कशी वाटत नाही?

वाटते. मी केलाय असा सिनेमा, म्हणून सांगतो.

आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर उरकून टाकतो. थेट व्हिडिओवर आलेला सिनेमा म्हणजे थिएटरात पडलेला सिनेमा नव्हे. तो धंदाच वेगळा. अमेरिकेत व्हिडिओ भाड्यानं देणारी दुकानं गल्लोगल्ली होती, तेव्हा त्यांना फळ्या भरायला दर आठवड्याला नवा माल लागायचा आणि गिऱ्हाईक सिनेमा निवडायचं ते डबीवरचं चित्र बघून. द असायलम नावाच्या कंपनीनं 2005 मध्ये स्पीलबर्गच्या ‘वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ या मोठ्या सिनेमाच्या तोंडावर त्याच कादंबरीवरून आपला स्वस्तातला सिनेमा काढला, तर ब्लॉकबस्टर या दुकानांच्या साखळीनं त्याच्या एक लाख प्रती मागवल्या. तिथून पुढं कंपनीनं तोच रस्ता धरला. मोठा सिनेमा यायच्या आत मिळत्याजुळत्या नावाचा आपला तयार. बघणारे शिव्या घालतात, पण पैसे देऊन झाल्यावर घालतात. झालं उत्तर.

आता लाजेचं.

गोष्ट 2007-08 च्या आसपासची. आमचे दाजी, म्हणजे थोरल्या अक्काचे मालक, तुळजापूर तालुक्यात लग्नाचं शूटिंग करायचे. पॅनासॉनिकचा खांद्यावरचा कॅमेरा, तासाभराची छोटी कॅसेट, घरी कॉम्प्युटरवर मिक्सिंग. नवरा-नवरीला बदामात बसवून बसवून त्यांना कंटाळा आला होता. तेव्हा मालेगावच्या पोरांनी व्हिडिओ कॅमेऱ्यावर काढलेल्या सिनेमांचा बोलबाला आमच्यापर्यंत आला होता. दाजी म्हणाले, "मालेगावाला कुठं धबधब्याचा किल्ला हाय? आपल्याकडं नळदुर्ग हाय."

गोष्ट त्यांनीच लिहिली. पुरातत्त्व खात्याचा एक साहेब गावात येतो. एका वाड्यातल्या पेवात त्याला आदिलशाही खजिन्याचा नकाशा सापडतो. हैद्राबादचा डॉन मागं लागतो. शेवटची मारामारी पाणी महालात, नर-मादी धबधब्याच्या ऐन पाण्यापुढं. साहेब कोण? दाजी. दिग्दर्शक कोण? दाजी. गाण्यात गुलाबी शर्ट घालून नाचणार कोण, ते वेगळं सांगत नाही. मी कॅमेऱ्यावर.

नळदुर्ग बघितला नसेल तर एवढं सांगतो. बोरी नदीवर बांध घातलाय आणि त्या बांधाच्या पोटात महाल आहे, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला, 1613 चा. वरचं धरण भरून वाहिलं की बांधावरून दोन धारा पडतात, एक नर, एक मादी. तुम्ही आत सज्जात उभे राहिलात तर डोळ्यापुढून पाण्याचा पडदा कोसळतो आणि अंगावर थेंब येत नाही. असला सेट मुंबईवाल्यांच्या बापाला जमणार नाही. अडचण एकच. हे सगळं पावसाळ्यात, आणि आमचं शूटिंग मे महिन्यात. कारण मे सरला की लग्नं सरतात, पैसे सरतात, आणि पोरं पेरणीला जातात.

म्हणून शेवट सोडून बाकी सगळं मेमध्ये घेतलं. नकाशा चहाच्या पाण्यात बुडवून चुलीवर कडा जाळलेला. कवटी म्हणजे चुना फासलेलं गाडगं, कोळशानं डोळे काढलेलं. रक्त म्हणजे काकवीत कालवलेलं कुंकू. हे रक्त दिसायला एक नंबर, पण डॉनचा उजवा हात भर दुपारी किल्ल्यात मरून पडला आणि दोन मिनिटांत मुंग्या आल्या. मेलेला माणूस आधी पायाचा अंगठा हलवतो, मग मांडी खाजवतो. परत घ्यायला कॅसेट शिल्लक नव्हती. सिनेमात ते तसंच आहे. मागच्या बाजूला एक लाल एसटीसुद्धा जाते, ती माझी चूक. कबूल.

ऑगस्टात पाणी सुटलं. गाडी ठरली, पोरं जमली, आणि दाजींचे थोरले चुलते वारले. दहाव्याला भावकीबरोबर दाजींनी केस काढले. मेमधला साहेब भांगाचा कोंबडा काढणारा, ऑगस्टातला साहेब तुळतुळीत.

इथून आमचं भांडण सुरू होतं. ते आजवर मिटलेलं नाही. दाजींचं म्हणणं, सोलापुरात नाटकवाल्यांकडं विग भाड्यानं मिळतो, दिवसाला दीडशे, तो आणू. मी म्हणालो, पाण्यापुढं वारा असतो, विग उडाला तर सगळंच गेलं, टोपी घाला. घरात टोपी एकच होती. बियाण्याच्या कंपनीनं मेळाव्यात फुकट वाटलेली, हिरवी. आम्ही ती उलटी करून घातली, पण कापड पातळ, उन्हात टोपीवर छापलेलं कपाशीचं बोंड आरपार दिसतं. आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून हनुवटीखाली सुतळी बांधली.

चार महिने मिक्सिंग चाललं. तेव्हाचं लोडशेडिंग आठवतंय ना? जोडलेला सिनेमा रात्रभर कॉम्प्युटरवर शिजवत ठेवायचा, शेवटच्या टप्प्यात आला की लाईट जायची. पहाटे उठून पहिल्यापासून. शेवटी दोन सीड्यांचा संच झाला. एका सीडीत सव्वा तासाच्या वर मावत नाही आणि दाजींना स्वतःचं एक गाणं कमी करवत नव्हतं. कव्हर सोलापुरात छापून घेतलं. पाचशे संच, चाळीस रुपयाला एक.

जानेवारीत पौष पौर्णिमेला मैलारपूरच्या खंडोबाची यात्रा भरते. खोबरं-भंडाऱ्याच्या दुकानाशेजारी आम्ही एकवीस इंची टीव्ही मांडला, जनरेटर लावला आणि शेवटची मारामारी चालू केली. शंभर-दीडशे माणूस जमलं. मी मागं उभा राहून ऐकत होतो.

ज्या पाण्यासाठी तीन महिने थांबलो, त्या पाण्याचं काय झालं माहितीये? सीडीचं चित्र 352 बाय 288 ठिपक्यांचं. त्यात लग्नातला बसलेला पाहुणा ठीक दिसतो, कारण तो हलत नाही. कोसळणारं पाणी सगळंच्या सगळं हलतं, सीडीला ते पेलत नाही, मग चित्र चौकोना-चौकोनात फुटतं. पडद्यावर पांढऱ्या ठोकळ्यांचा ढीग पडायला लागला. एक पोरगं ओरडलं, "आरं, गारा पडायल्यात!" तेवढ्यात टोपीवाले दाजी आले. दुसरा म्हणाला, "सायेब खजिना हुडकायलाय का बियाणं इकायलाय?" जे हसू फुटलं, ते वारू येतात त्या गल्लीपर्यंत ऐकू गेलं असेल. दाजी टीव्हीशेजारी बसून सुट्टे पैसे मोजत होते. तेच पैसे ते परत परत मोजत राहिले.

पण एक सांगतो, त्या रात्री ऐंशी संच गेले. हसणाऱ्यांनीच घेतले.

आठवड्यानं दाजींच्या गावात मारुतीच्या पारावर हाच सिनेमा लावला. मला वाटलं, इथं तर घरचीच माणसं, जास्तच खेचतील. मुंग्यांवर हसली, एसटीवर हसली, गुलाबी शर्टावर तर एक म्हातारा उठून नाचला. टोपी आली आणि पार गप्प. कुणी चकार शब्द काढला नाही. सगळी दहाव्याला होती ना. वारलेल्या चुलत्यांची बायको पुढंच पोत्यावर बसली होती. तिनं शेजारणीला विचारलं, "ह्ये केस काढल्यावरचं हाय व्हय?" आणि पदर तोंडाला लावून शेवटपर्यंत बसून राहिली. मारामारी संपली, डॉन पाण्यात पडला, तरी ती टोपीकडंच बघत होती.

तुम्ही विचारलंत, बघतं कोण. ही बघतात.

मागच्या वर्षी आमच्या भाच्यानं पुण्यात खोलीवर मित्रांना हा सिनेमा दाखवला. वाईट सिनेमे जमवून, चिवडा घेऊन, मुद्दाम हसत बघायची नवी हौस आहे म्हणे. मित्र हसून हसून लोळले. हिरो म्हणजे माझे पप्पा, हे त्यानं त्यांना सांगितलं नाही. मला एकट्याला फोन करून सांगितलं. मी त्याला काही बोललो नाही, म्हणून इथं बोलतोय. यात्रेतलं पोरगं हसलं ते चाळीस रुपये मोजून आणि तोंडावर हसलं. त्याचा मला राग नाही.

तुम्हाला स्वतःला असा सिनेमा काढायचा असेल (प्रश्नाच्या सुरावरून तशी शंका येते, नुसता बघणारा माणूस एवढा चिडत नाही), तर हिरो आणि दिग्दर्शक एकच माणूस ठेवू नका. हिरोला टोपी घाला म्हणून सांगता येतं, दिग्दर्शकाला गाणं काप म्हणून सांगता येतं. दोन्ही दाजीच असले की काहीच सांगता येत नाही, कारण मध्ये अक्का असते. पाणी, धूर, धूळ असलं सारखं हलणारं काही आता मोबाईलवर बिनधास्त घ्या, फुटायचं ते तेव्हाचं फुटलं. काकवी वापरू नका.

आणि आम्ही केलं तसं करू नका. किल्ला संरक्षित स्मारक आहे, शूटिंगला परवानगी लागते, आम्ही घेतली नव्हती. चारचौघांत सिनेमा दाखवायला सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं, ते काय असतं हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. कव्हरवर हेलिकॉप्टर छापलं होतं, सिनेमात हेलिकॉप्टर नाही. अणदूरचा एक जण दुसऱ्या दिवशी संच घेऊन परत आला, "हेलिकॉप्टर कुठंय?" दाजींनी मुकाट्यानं चाळीस रुपये काढून दिले. हेलिकॉप्टरची आयडिया माझी होती. वर त्या असायलमवाल्यांबद्दल मी जे लिहिलं, त्यात आम्हीही आलोच.

उरलेल्या सीड्या अक्कानं ज्वारीत पाखरं हाकायला बांधल्या. वाऱ्यावर फिरल्या की चांगल्या चमकायच्या.

दाजी आता ड्रोननं लग्नं शूट करतात, सिनेमाचं नाव काढत नाहीत. फक्त जेवायला बसले आणि मी समोर असलो की म्हणतात, दीडशे रुपयानं घात केला, विग आणला असता तर गोष्ट वेगळी झाली असती. मी म्हणतो, उडाला असता. ते म्हणतात, चिकटवला असता. तुमचं कधी नळदुर्गला जाणं झालं तर पाणी सुटल्यावर जा, महालाच्या सज्जात डोक्यावर काहीतरी घालून उभे राहा आणि काय होतं ते इथं लिहा. सुतळी बांधायची नाही.