गोव्यातल्या दिवंगत कलावंतांबद्दल शाळेतल्या मुलांना काय सांगावं?

तुमच्या शाळेत गोमंतकीय दिवंगत कलावंतांवर छोटा कार्यक्रम आहे आणि जन्म-मृत्यूच्या तारखा व पुरस्कार यांपलीकडे काय सांगावं, असं तुम्ही विचारलं आहे. मी फोंड्याकडचा. गावच्या उत्सवातल्या संगीत नाटकांना पेटीची साथ करतो, म्हणून हा प्रश्न मला फार जवळचा वाटला.

माझं म्हणणं असं की आपण गोव्यात या माणसांचं जन्मगाव जपलं, पण त्यांनी आयुष्यभर केलेलं काम आपल्या नजरेआड गेलं. त्याला कारणही आहे. पोर्तुगीज राजवटीत ही माणसं इथून बाहेर पडली. नाटक कंपन्या, मैफली, ध्वनिमुद्रिका, सिनेमा, सगळं मुंबई-पुण्याकडे होतं. म्हणून मुलांना त्यांचं काम सांगा.

मास्टर दीनानाथ घ्या. पणजीत कला अकादमीच्या नाट्यगृहाला त्यांचं नाव आहे, पण मुलांना ते लताबाईंचे वडील म्हणूनच माहीत असतात. १९१८ साली चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांच्याबरोबर त्यांनी ‘बळवंत संगीत मंडळी’ काढली, तेव्हा मंगेशीच्या या मुलाला अठरावं वर्षही पुरं झालं नव्हतं. गडकऱ्यांच्या ‘भावबंधन’मधली लतिका त्यांनी रंगवली. पुढे बोलपट आले, कंपनी सिनेमाकडे वळली आणि तो व्यवहार अंगाशी आला. १९४२ साली ते गेले तेव्हा वय अवघं ४१. दहावीतल्या मुलाला एवढं सांगितलं की तो स्वतःच हिशेब करू लागतो. मग त्यांचं ‘परवशता पाश दैवे’ हे नाट्यपद ऐकवा. एकदा नाही, दोनदा. पहिल्यांदा मुलांना जुनी खरखर ऐकू येते, दुसऱ्यांदा तान.

गायिका केसरबाई केरकरांबद्दल बोलताना बहुतेक जण व्हॉयेजर यानापाशी थांबतात. ते सांगायलाच हवं. पृथ्वीवरचे निवडक आवाज ज्या तबकडीवर अवकाशात गेले, तिच्यावर त्यांची भैरवी, ‘जात कहां हो’, आहे. ही तबकडी दोन यानांवर होती. त्यांतलं मागाहून सुटलेलं, व्हॉयेजर १, ५ सप्टेंबर १९७७ रोजी निघालं आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. पण त्याआधीचं आयुष्य सांगा. जयपूर घराण्याच्या अल्लादिया खाँसाहेबांकडे वर्षानुवर्षं घेतलेली तालीम सांगा, आणि ध्वनिमुद्रण करण्यात त्या किती हात राखून असत तेही. त्यांच्या मोजक्याच ध्वनिमुद्रिका आज आपल्याकडे आहेत. केरीला त्यांच्या घराच्या जागी आता त्यांच्या नावाचं हायस्कूल आहे. मुलांना तिथे घेऊन जाता आलं तर फारच बरं.

गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं कुर्डी गाव साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलं. पाणी उतरलं की उन्हाळ्यात गावाच्या खुणा वर येतात आणि जुने गावकरी सोमेश्वराच्या देवळाशी जमतात. पण मोगूबाईंची गोष्ट या गावापुरती संपवू नका. आई लवकर गेलेली ही मुलगी नाटक मंडळीतून फिरली, सांगलीत अल्लादिया खाँसाहेबांच्या कानावर तिचं गाणं पडलं आणि तिथून तालीम सुरू झाली. आईबरोबर दौऱ्यांवर जाताना आईला मिळणारी कमीपणाची वागणूक आपण पाहिली, असं मोगूबाईंची मुलगी, गायिका किशोरी आमोणकर यांनी स्वतः सांगितलं आहे. पुढे किशोरीताई मानधनापासून व्यवस्थेपर्यंत सगळ्या बाबतीत कडक राहिल्या, त्याचं मूळ तिथे आहे. केसरबाई काय, मोगूबाई काय, या बायका देवळाच्या सेवेशी बांधलेल्या कलावंत घराण्यांत जन्मल्या. शाळेच्या भाषणात हे हमखास गाळलं जातं. गाळू नका. जिथून त्या आल्या आणि जिथवर पोचल्या, ते अंतर सांगितल्याशिवाय त्यांचं कर्तृत्व मुलांना कळणार नाही. सातवी-आठवीच्या मुलांना हे समजतं, मोठ्यांनाच उगीच संकोच होतो.

मराठी रंगभूमीबाहेरचं एक नाव मात्र घ्याच: माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस. ‘अमर अकबर अँथनी’तल्या गाण्यामुळे त्यांचं नाव सगळा देश गातो, पण ते खऱ्या माणसाचं आहे हे फार थोड्यांना ठाऊक असतं. हिंदी चित्रपटसंगीतात त्यांनी व्हायोलिन वाजवलं, वाद्यमेळाची रचना केली. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलाल त्यांचे शिष्य, आणि गाण्यातलं ते नाव म्हणजे शिष्याने गुरूची ठेवलेली आठवण. त्या काळच्या चित्रपटांत असं काम करणाऱ्या कितीतरी गोवेकर वादकांची नावं पडद्यावर आलीच नाहीत. १९५८ साली मुंबईत भारतीय संगीत आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद एकत्र आणायचा मोठा प्रयोगही त्यांनी केला होता. २०१२ साली ते गेले.

साथीदारांचा विषय निघाला म्हणून खाप्रूमामा पर्वतकरही आठवले. लयीवर असं प्रभुत्व की हातांनी वेगळे ताल आणि पायाने आणखी वेगळा, असं ते एकाच वेळी दाखवत, हे आमच्या अंत्रुज महालात, म्हणजे फोंड्याकडे, अजून सांगतात. गायकाला सभागृह मिळतं, तबलजीला क्वचित. मुलांना हे नाव माहीत असू द्या.

आणि तुमच्या वेळेतली शेवटची दहा मिनिटं मोठ्या नावांना देऊ नका, गावाला द्या. प्रत्येक वाड्यावर जत्रेच्या नाटकात पेटी, तबला वाजवणारं, रंगभूषा करणारं, विंगेतून प्रॉम्प्टिंग करणारं कुणीतरी होऊन गेलेलं असतं. त्यांच्या घरी पदांच्या वह्या असतात. त्यात कुठल्या ओळीला थांबायचं, स्वर काळी एक की पांढरी चार, पद कुणासाठी खाली उतरवलं, अशा खुणा पेन्सिलीने केलेल्या असतात. घरच्यांना विचारून त्या पानांचे फोटो काढायला मुलांना सांगा आणि प्रत्येक फोटोखाली वाजवणाऱ्याचं नाव, गाव, नाटक आणि साल लिहून घ्या. साल घरात कुणाला आठवत नसेल, तर त्या नाटकात काम केलेल्या म्हाताऱ्या नटाला विचारा. बहुधा त्या वर्षी कुठली भूमिका कुणी केली, हेही त्याला पाठ असेल.