युद्धात गनिमी तुकड्यांवर लष्करी मुख्यालय नियंत्रण कसं ठेवतं?

नुसत्या हुकमानं नाही. दारूगोळा, वायरलेस आणि हद्दींची वाटणी, या तीन गोष्टींच्या जोरावर. १९७१ बघा. बांगलादेशच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या मुक्तिवाहिनीचे सरसेनापती कर्नल उस्मानी. त्यांनी बांगलादेश ११ सेक्टरांत वाटला. हत्यारं आणि ट्रेनिंग आपल्या ईस्टर्न कमांडचं. १५ ऑगस्टच्या रात्री चितगाव, मोंगला, चांदपूर, नारायणगंज इथं मुक्तिवाहिनीच्या, पाण्याखाली पोहणाऱ्या पोरांनी जहाजांच्या बुडाला सुरुंग चिकटवले. इशारा काय, तर आकाशवाणी कोलकात्यावर लागलेली ठरलेली गाणी.

पण सगळेच असे आखणीत बसत नाहीत. बांगलादेशातल्या टांगाईलच्या कादेर सिद्दिकींनी देशातच राहून स्वतःची फौज उभी केली होती. त्यांना कोण हुकूम सोडणार? म्हणून भारतीय लष्कराचे कॅप्टन पी. के. घोष आधीच त्यांच्या माणसांत जाऊन राहिले. ११ डिसेंबरला २ पॅरा, म्हणजे मूळची आपली मराठा पलटण, पुंगलीचा पूल घ्यायला पॅराशूटनं तिथं उतरली ती या तयारीवर.

माझे थोरले काका त्या उडीत होते. बार्शी तालुक्यातले. जुळे सोलापुरात विजय दिनाच्या कार्यक्रमात एक वक्ते छाती ठोकून म्हणाले, "पॅराच्या जवानांनी एकट्यांनी पूल घेतला, गनिमी लोकांचा काही उपयोग नव्हता." काका मधूनच उठले. "ओ साहेब, आमचे गठ्ठे तळ्यात पडले हुते. गावची पोरं थंडीत गळ्याएवढ्या पाण्यात शिरली, वढून काढली, डोक्यावरनं आणून दिली. त्यातनंच गोळ्या भरून आम्ही पुंगलीच्या पुलावर गेलो." हॉल गप्प. वक्त्यांनी पुढचं पान उलटलं. खाली बसल्यावरही काकांचा हात थरथरत होता, मी शेजारीच होतो. लढणाऱ्याच्या तोंडावर असं बोलायला नको होतं, हे माझं आजही म्हणणं आहे.

हेही खरं, की माघार घेणाऱ्या पाकिस्तान्यांना सिद्दिकींच्या लोकांनी अडवलं नाही, अशी तक्रार ईस्टर्न कमांडचे तेव्हाचे चीफ ऑफ स्टाफ जनरल जेकब यांनी नंतर केली. म्हणजे मदत मिळते, हुकमत मिळेलच असं नाही. व्हिएतनाममध्ये कम्युनिस्ट पक्षाची साखळी गावापर्यंत होती, तिथलं गणित वेगळं.

तुम्हाला अभ्यास करायचा असेल तर उडीच्या आधी घोष तिथं काय करत होते, तिथून सुरुवात करा. नकाशावर पूल दाखवणारे पुष्कळ भेटतात. गठ्ठे कुणी वाहिले हे विचारलं की त्यांचं बोलणं संपतं.