आगोट भरायची, पण कशाची?

या वेळी आलेल्या पत्रांमधली बरीचशी किराण्याच्या बिलाबद्दलच आहेत, म्हणून हे अख्खं पान त्यालाच दिलंय.

प्रश्न : ताई, आम्ही कुडाळजवळच्या गावात राहतो, सासूसासरे धरून घरात सहा माणसं आणि पगार एकट्या मिस्टरांचा. महिन्याचं सामान शहरातल्या मोठ्या मार्टमधून आणतो, ऑफर असेल तर जास्तीचं घेऊन ठेवतो, तरी बिल काही कमी होत नाही. गेल्या पावसात तर पाच किलो रवा आणि बेसन जाळी लागून टाकून द्यावं लागलं. सासूबाई म्हणतात पूर्वीसारखी आगोट, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरा आणि बाकीचं गावच्या वाण्याकडून घ्या. यात खरंच पैसे वाचतात का? – एक वाचक, कुडाळ तालुका

उत्तर : वाचतात, सासूबाईंचं ऐका. फक्त आगोटीत काय भरायचं आणि काय नाही हे आधी ठरवून घ्या, कारण तुमचे पैसे गेलेत ते तिथेच. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा इतकी ओली असते की बरणीतलं मीठसुद्धा पाझरतं, मग ऑफरमधला पाच किलो रवा टिकणार कसा? घाटावरच्या कोरड्या हवेत जे चालतं ते इथे चालत नाही. दळलेलं, भरडलेलं, कांडलेलं सगळं, म्हणजे रवा, बेसन, मैदा, कणीक, पोहे, हे पावसात पंधरा दिवसांपुरतंच आणायचं, किलोमागे चार-पाच रुपये जास्त पडले तरी चालेल, कारण टाकून दिलेल्या किलोचे पूर्ण पैसे जातात. रवा आणला की त्याच दिवशी कोरडा भाजून, गार करून डब्यात भरा. शेंगदाण्याचंही तसंच, थोडेच आणा, आणि बुरशी आलेले दाणे धुऊन किंवा भाजून वापरायचा विचारसुद्धा करू नका, ते विष पोटात जातं, सरळ टाका.

भरून ठेवायचं ते अख्खं आणि सुकं : तांदूळ, कुळीथ, अख्खे मूग, वाल, तूरडाळ, मिरची-धणे, चिंच, आमसुलं, मीठ, सुकी मासळी. पूर्वीच्या बायका मे महिन्यात आगोट भरायच्या त्याला कारण होतं. एकतर काजू-आंब्याचे पैसे तेव्हाच हातात यायचे आणि दुसरं म्हणजे तोपर्यंत बहुतेक नवा माल बाजारात आलेला असतो. नवी तूर साधारण जानेवारीपासून येते, मळ्यातले कुळीथ फेब्रुवारीच्या आसपास निघतात, लाल मिरची फेब्रुवारी ते एप्रिल. माल भरपूर असतो तेव्हा भाव त्यातल्या त्यात खाली असतो आणि श्रावणापासून गणपती-दिवाळीपर्यंत मागणी चढते. तांदळाचं गणित मात्र वेगळं आहे, भात आपलं दिवाळीच्या सुमारास कापून होतं, तेव्हा ओळखीच्या शेतकऱ्याकडून भात घेऊन गिरणीवर भरडून आणलं तर मधले हात वाचतात, शिवाय कोंडा आणि कणी आपल्यालाच मिळते, कणीच्या पिठाची भाकरी होते. आणि तो तांदूळ सहा महिने मुरला की फुगतोही चांगला.

आता साठवणीचं नीट वाचा, कारण बहुतेकांचं इथेच चुकतं. डाळीला, कडधान्याला कडकडीत ऊन दाखवतात आणि ऊन उतरायच्या आत गरम गरमच डब्यात भरून झाकण घट्ट लावतात. आत वाफ धरते, झाकणाला आतून थेंब येतात आणि तिथूनच टोके (धान्यातले किडे) आणि बुरशी सुरू होते. वाळवलेलं धान्य घरात सुपात नाहीतर चादरीवर पसरून पूर्ण गार होऊ द्यायचं, हात घातला तर जराही ऊब लागता कामा नये, मगच भरायचं. कडुनिंबाचा पाला घालत असाल तर तो सावलीत सुकवलेला हवा, ओला घातलात तर त्याचीच ओल धान्याला लागते. एका मोठ्या पिंपात सगळं भरण्यापेक्षा चार लहान डबे बरे, रोज एकच उघडला जातो आणि बाकीचे तीन बंद राहतात.

मार्ट की वाणी, याचं एक उत्तर नाही, वस्तू बघून ठरवायचं. साबण, टूथपेस्ट, शाम्पू, भांड्यांचा बार ह्या न नासणाऱ्या वस्तू मार्टमध्ये स्वस्त मिळाल्या तर तीन-चार महिन्यांच्या खुशाल घ्या. यातला अंगाचा साबण, शाम्पू, टूथपेस्ट यांच्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ वरून ५ टक्क्यांवर आलाय, तेव्हा जुन्या आठवणीतल्या भावाशी तुलना करत बसू नका. उलट तांदूळ, डाळी, पीठ यांच्या २५ किलोपर्यंतच्या छापील सीलबंद पाकिटावर ५ टक्के जीएसटी असतो आणि वाण्याने पोत्यातून काढून मोजून दिलेल्या सुट्या मालावर तो नसतो. सुटा माल हातात घेऊन, दाताखाली चावून बघता येतो हा फायदा आहेच. आणि तालुक्याला जायला रिक्षा केलीत तर ते भाडं बिलात मिळवा, आणि मगच स्वस्त पडलं का ते बघा.

तेलाच्या पिशवीजवळ मात्र थांबाच. दोन पिशव्या शेजारी ठेवल्या तर सारख्याच दिसतात, पण खाली बारीक अक्षरात एकीवर १ लिटर, म्हणजे ९१० ग्रॅम असतं आणि दुसरीवर नुसतं ८०० ग्रॅम. समजा पहिली १५० ला आहे आणि दुसरी १३८ ला, तर हात दुसरीकडे जातो, बारा रुपये वाचले असं वाटतं. किलोला भाव काढा : पहिली साधारण १६५ रुपये, दुसरी साडे १७२. स्वस्त दिसणारी महाग पडली. हा हिशोब डोक्यात करायची गरजही नाही, पाकिटावर एमआरपीच्या जवळ ‘युनिट सेल प्राइस’ छापलेली असते, ग्रॅमला किंवा मिलीला किती ते, मोठ्या पाकिटावर किलोला किंवा लिटरला. बिस्किटं, चहा, कपड्यांची पावडर, सगळ्याला हेच लावा, दहा रुपयांचं पाकीट दहालाच राहतं आणि आतला माल कमी होत जातो. कुणी एमआरपीच्या वर पैसे मागितले तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

वाण्याकडची उधारी मोडा असं मी म्हणणार नाही, अडीअडचणीला तोच दारात माल टाकतो. पण वही दोन ठेवा, एक त्याच्याकडे, एक आपल्याकडे, आणि सामान घेतानाच लिहून घ्या. रेशनकार्ड प्राधान्य कुटुंबाचं असेल तर माणशी महिन्याला ५ किलो धान्य आणि अंत्योदय असेल तर घराला ३५ किलो, आणि जानेवारी २०२३ पासून ते फुकट आहे. सहा माणसांचे तीस किलो होतात हो! घरातल्या सगळ्यांची ई-केवायसी झालीय ना ते दुकानात विचारून घ्या आणि मशीनची पावती मागा.

प्रश्न : ताई, जून-जुलैत ताजी मासळी परवडत नाही आणि सुकी घ्यावी तर तीही तेव्हा महागच असते. काय करावं? – एक वाचक, गुहागर

उत्तर : १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, त्यामुळे त्या दोन महिन्यांत सगळेच सुक्याकडे वळतात आणि भाव चढतो. तेव्हा सुकी मासळी एप्रिल ते मे च्या मध्यापर्यंत घेऊन टाका, एकदा पावसाचं मळभ आलं की वाळवणच नीट होत नाही. घेताना वजनावर लक्ष ठेवा, ओलसर खारवलेल्या बांगड्यात तुम्ही मिठाचे आणि पाण्याचे पैसे देता. बोंबील हातात घेऊन वाकवा, कडक वाळलेला असेल तर मोडतो आणि नुसता वाकला तर आत ओल आहे. जवळ्याची मूठ भरून कागदावर जरा झटका, वाळूवर सुकवलेला असेल तर खाली रेती पडते, जाळ्यावर किंवा चटईवर सुकवलेला थोडा महाग मिळाला तरी तोच घ्या. घरी आणल्यावर पुन्हा दोन उन्हं द्या, गार करा, पत्र्याच्या डब्यात कागद घालून भरा.

आणि रोज मासळी हवीच असं नाही. पाऊस पडला की टाकळा, भारंगी, कुर्डू, अळू परड्यात नाहीतर रस्त्याकडेला फुकट मिळतं, तेव्हाच घाटात दरड आली की कोल्हापूरकडची भाजी अडते आणि बाजारात टोमॅटो-कोबीला हात लावता येत नाही. रानभाजी मात्र ओळखणाऱ्या माणसाबरोबर जाऊनच काढा. कुळथाची पिठी, भात आणि भाजलेला जवळा एवढ्यावर पावसातलं जेवण छान होतं.

प्रश्न : गणपतीला मुंबईचे सगळे येतात, त्या महिन्यात बजेट पार कोसळतं. बोलायलाही संकोच वाटतो. – एक वाचक, दापोली

उत्तर : संकोच करू नका, मोकळेपणी बोला, येणाऱ्यांनाही कळत असतं. जुलैतच दिरांना-जावांना फोन करून सांगा की तांदूळ, नारळ, आमसुलं आमची, तेल, तूप, साखर, चहा तुम्ही तिथून आणा. गूळ सणाच्या तोंडावर चढतो, पण पावसात तो पाझरतोही, म्हणून फार आधी नको, दोन आठवडे आधी घ्या आणि कागदात गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. मोदकाची पिठी विकत आणू नका, घरचे तांदूळ धुऊन सावलीत सुकवून चतुर्थीच्या चार दिवस आधी दळून आणा.