आता कुठली भाषा शिकायची? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

प्रश्न: ताई नमस्कार. आम्ही राजारामपुरीत राहतो. मुलगी अकरावीला आहे, कोरियन सिरीयल बघता बघता मोबाईलवर कोरियन शिकायला लागली आणि आता क्लास लावा म्हणून मागं लागलीय. माझा थोरला भाऊ १९८० च्या आसपास रशियन शिकला होता, मन लावून डिप्लोमा केला, पण पुढं काही उपयोग झाला नाही असं तो स्वतःच म्हणतो. गल्लीतले सगळे म्हणतात जर्मन घ्या. दर वीस वर्षांनी भाषा बदलत असेल तर शिकायचं कशाला, आणि शिकायचंच तर कुठली? - एक पालक

उत्तर: दादा, आधी तुमच्या थोरल्या भावाबद्दल बोलते, कारण त्यांनी काही चुकीचं निवडलं असं मला अजिबात वाटत नाही. १९७१ ला भारत-सोव्हिएत करार झालेला, पोलाद कारखान्यापासून लढाऊ विमानापर्यंत सगळीकडं रशियन मदत, मॉस्कोच्या मीर आणि प्रगती प्रकाशनाची पुस्तकं इतकी स्वस्त की कॉलेजच्या पोराला सुद्धा परवडायची, शिकायला मॉस्कोला जायच्या स्कॉलरशिप होत्या. त्या काळात हुशार पोरगं रशियनच घेणार ना. डिसेंबर १९९१ मध्ये अख्खा देशच मोडेल हे भल्याभल्यांना कळलं नव्हतं, आपल्या कोल्हापुरात बसून कुणाला कळणार होतं?

आणि हे फक्त रशियनचं झालं असं नाही. अमेरिकेत १९१५ च्या सुमारास हायस्कूलची जवळपास चौथाई पोरं जर्मन शिकत होती, पहिलं महायुद्ध झालं आणि १९२२ पर्यंत तो आकडा एक टक्क्याच्याही खाली आला, काही राज्यांनी तर शाळेत जर्मन शिकवायलाच बंदी घातली. पुढं १९५७ ला रशियानं स्पुटनिक सोडला की तीच अमेरिका पैसे ओतून रशियन शिकवायला लागली. चीनमध्ये १९५० च्या दशकात रशियनचा जोर होता, मग चीन आणि रशियाचं बिनसलं आणि नंतर सगळे इंग्रजीकडं वळले. इंग्लंडमध्ये पिढ्यान् पिढ्या फ्रेंच पुढं होती, २०१९ ला ए लेव्हलच्या (आपल्या बारावीसारख्या) परीक्षेत स्पॅनिशनं तिला मागं टाकलं. आपल्याकडं तर शतकानुशतकं फारसी म्हणजे नोकरी असं समीकरण होतं, १८३७ ला कंपनी सरकारनं कचेरीतून फारसी काढली आणि शिकणारे हळूहळू कमी होत गेले. पण त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी आपल्याच राजाराम कॉलेजात शिकवणारे कवी माधव जूलियन बघा, फारसीचा नीट अभ्यास केलेला माणूस, १९२५ ला फारसी-मराठी कोश काढला, गझल आणि रुबाई मराठीत रुजवली. तोवर फारसीचा सरकारी नोकरीसाठी उपयोग कधीच संपला होता.

मला म्हणायचंय ते हे की कुठल्या भाषेला मागणी येणार हे राजकारण आणि कारखाने ठरवतात, ते आपल्या हातात नाही, पण आपण किती खोल शिकायचं ते आपल्या हातात आहे. रशियाशी आपला संरक्षणाचा व्यवहार ९१ नंतर पण थांबला नाही, सुखोई विमानं नाशिकजवळ ओझरला तयार झाली, डॉक्टर व्हायला पोरं अजून रशियाला जातात. म्हणजे भाषेचं काम संपलं नव्हतं, संपलं ते नुसत्या डिप्लोमाचं. जुजबी भाषेवर कुणी पगार देत नाही, तेव्हाही देत नव्हतं.

आता मुलीचं. कोरियन शिकू द्या, मनापासून सांगते. पोरगी स्वतःहून बसतीय ही सगळ्यात मोठी गोष्ट आहे, गल्लीतल्या लोकांनी सांगितलं म्हणून घेतलेली जर्मन बहुतेकदा पहिल्या लेव्हललाच सुटते. कोरियन लिपीत मूळ अक्षरं २४, थोड्या दिवसांत वाचता येतात, आणि वाक्यात क्रियापद शेवटी येतं अगदी आपल्या मराठीसारखं, त्यामुळं मराठी डोक्याला वाक्याची रचना परकी वाटत नाही. २०२० च्या शिक्षण धोरणात शाळेत शिकवायच्या परदेशी भाषांच्या यादीत कोरियनचं नाव आहे (चिनी आधीच्या मसुद्यात होती, नंतर गळली). रांजणगावला एलजी आहे, तळेगावला ह्युंदाई आली. फक्त आत्ताच ठरवा की टॉपिक (TOPIK) या कोरियन भाषेच्या परीक्षेची सहापैकी निदान चौथी लेव्हल गाठायची. त्यात काही वर्षं जाणार, तोवर कॉमर्स सायन्स जे काय असेल ते चालू ठेवायचं, भाषा जोडीला.

जर्मन वाईट आहे असं नाही हं. तिकडं शिकणाऱ्या परदेशी मुलांत भारतीय आता पहिल्या नंबरवर आहेत, २०२४ ला जर्मनीनं भारतीय कुशल कामगारांच्या व्हिसाची मर्यादा वर्षाला २० हजारावरून ९० हजार केली. मुलीला नर्सिंगला जायचं असतं तर मी जर्मनच सांगितलं असतं, पण मग बी टू (ए वन ते सी टू अशा सहा लेव्हलमधली चौथी) पर्यंत शिकायची तयारी पाहिजे, त्याच्या आधी थांबून नर्स म्हणून मान्यता मिळणं अवघड.

प्रश्न: मी शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत मोल्डिंगला आहे, आयटीआय झालाय. जपानला जायला किती जपानी लागतं? एजंट म्हणतो भाषा तिकडं गेल्यावर शिकवतात. - एक वाचक

उत्तर: भावा, त्या एजंटला पैसे देऊ नकोस. जपाननं एप्रिल २०१९ पासून कुशल कामगारांसाठी वेगळा व्हिसा काढलाय, त्यात ओतकाम पण बसतं, म्हणजे तुझा हातचा अनुभव कामाचा आहे. पण त्यासाठी जायच्या आधी जपानी भाषेच्या परीक्षेची एन फोर लेव्हल (एन फाइव्ह सगळ्यात सोपी, त्याच्या वरची) किंवा त्याच्या बरोबरीची परीक्षा पास लागते आणि कामाची परीक्षा वेगळी. एन फोरची परीक्षा जुलै आणि डिसेंबरला असते, पुण्यात सेंटर आहे. या व्हिसावर पहिल्या टप्प्यात जास्तीत जास्त पाच वर्षं राहता येतं आणि बायकापोरांना नेता येत नाही, हे घरात आधी बोलून घे. शिफ्ट सांभाळून रोज तासभर बसलास तर वर्ष-दीड वर्षात एन फोर होतं, कांजीला (जपानीतल्या चिनी वळणाच्या चित्राक्षरांना) घाबरू नको, त्या लेव्हलला काहीशेच लागतात.

प्रश्न: अकरावीला मार्कांसाठी फ्रेंच घेऊ का? - एक विद्यार्थिनी

उत्तर: मार्क मिळतात, खरं आहे. पण बारावीनंतर सोडणार असशील तर नको घेऊ, त्यापेक्षा मराठी घे आणि ती चांगली लिहायला शिक. फ्रेंच आवडत असेल तर मात्र घे, आणि कॉलेजच्या पेपरसोबत डेल्फ या फ्रेंच भाषेच्या परीक्षेची ए टू लेव्हल पण दे म्हणजे बोलता-ऐकता किती येतं ते कळेल.