वाचकांचे प्रश्न : छातीचं हाड जुळेपर्यंत

प्रश्न : वडिलांची (वय ६४) बायपास होऊन १८ दिवस झाले. टाके सुकलेत, दुखतही नाही. म्हणून ते पाण्याची बादली उचलतात, जमिनीवर मांडी घालून जेवतात. चालेल का? – एक वाचक, सातारा

उत्तर : बादली आजपासून बंद. सुकलेली दिसते ती कातडी. तिच्याखाली छातीचं मधलं हाड उभं कापून स्टीलच्या तारांनी आवळलेलं असतं. ते सांधायला ६ ते ८ आठवडे लागतात, पक्कं व्हायला सुमारे ३ महिने. दुखत नाही म्हणजे जुळलं, असं नव्हे. या काळात दोन-अडीच किलोंच्या वर काही उचलू नये : भरलेली कळशी नाही, गव्हाचा डबा नाही, आणि (इथेच आजोबा ऐकत नाहीत) नातवंडही नाही.

मांडी घालण्यात वाईट काही नाही, वाईट आहे ते उठणं. जमिनीवरून उठताना माणूस नकळत हाताने रेटा देतो आणि तो थेट हाडावर येतो. म्हणून पहिले दोन-अडीच महिने जेवण खुर्चीवर आणि संडासला कमोड. घरात कमोड नसेल तर कमोडची खुर्ची भाड्याने मिळते. पलंगावरून उठताना आधी कुशीवर वळावं, उशी छातीशी कवटाळावी, पाय खाली सोडावेत. पायांच्या वजनाने धड आपोआप वर येतं. मदत करणाऱ्याने पाठीमागून खांद्याला आधार द्यावा, काखेत हात घालून ओढू नये. खोकतानाही उशी घट्ट धरावी. कुंथणं टाळायचं, त्यामुळे पोट साफ होत नसेल तर डॉक्टरांना आधीच सांगा.

कूस बदलताना हाड 'कट्' वाजलं, हलल्यासारखं वाटलं, जखमेतून पाणी आलं किंवा ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला, तर त्याच दिवशी सर्जनकडे. मधुमेह असेल तर जखम चिघळण्याचा धोका जास्त. स्कूटर मात्र ३ महिने विसरा; आपल्या रस्त्यांवर तर नक्कीच.

प्रश्न : आईला धातूचा मायट्रल व्हॉल्व्ह (हृदयातली एक झडप) बसवलाय. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. पालेभाजी कायमची बंद का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : बंद नको, एकसारखी हवी. पालक-मेथीतलं के जीवनसत्त्व गोळीचा जोर कमी करतं. आठवडाभर रोज पालक आणि पुढच्या आठवड्यात शून्य, असं झालं की आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते दाखवणारा तपासणीतला आकडा) हेलकावे खातो. या व्हॉल्व्हला तो बहुधा २.५ ते ३.५ ठेवतात. खाली घसरला तर व्हॉल्व्हवर गुठळी बसते. फार चढला तर हिरड्यांतून रक्त, काळी शौचास. अंगदुखीची गोळी आणि काढे डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. दात काढायच्या आधी दंतवैद्यांना व्हॉल्व्हचं सांगा, आधी प्रतिजैविक द्यावं लागतं. एक गोळी चुकली म्हणून दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत.

प्रश्न : बायपासनंतर एकच पाय सुजतो. – एक वाचक, मडगाव

उत्तर : बायपासमध्ये हृदयावर जोडायला त्याच पायातली शीर काढली असेल तर काही आठवडे सूज राहते. बसताना पाय उंच ठेवा. पोटरी कडक, लाल होऊन दुखू लागली तर मात्र थांबू नका. रोज सकाळी, चहाच्या आधी, त्याच काट्यावर वजन करा. दिवसात १ किंवा आठवड्यात २ किलो वाढलं, दोन्ही पाय भरले, झोपल्यावर धाप लागली, तर शीर काढल्याची ही सूज नाही, अंगात पाणी साठतंय. त्याच दिवशी फोन करा.