डेल्सनमध्ये घर बघतोयस, तर आधी हे वाच

तू मला ताई म्हणालास, तेव्हा मीही सरळ अरे-तुरेवर येते. तुझं थोडक्यात असं : कॅनडातल्या क्युबेक प्रांतात, मॉन्ट्रियलच्या कंपनीचं वर्क परमिट हातात आलंय, आठवड्यातून तीन दिवस ऑफिस, बाकी घरून काम. बायको आणि साडेचार वर्षांची लेक बरोबर येणार. मॉन्ट्रियलजवळच्या डेल्सन गावात भाडं शहरापेक्षा कमी दिसलं, स्टेशन गावातच आहे, म्हणून तिथेच घर घ्यावं असं मनात आहे. आणि शेवटी हळूच विचारलंयस, 'इंग्रजीवर निभावेल ना?' मी याच भागात, सेंट लॉरेन्स नदीच्या दक्षिण काठावर, बरीच वर्षं राहतेय. तुझं निभावेल. प्रश्न तुझ्या बायकोचा आहे, आणि तो तू विचारलेलाच नाहीस.

आधी स्टेशनाचं बोलू, कारण तुझं सगळं गणित त्यावर उभं आहे. डेल्सन हे रेल्वेचंच अपत्य. 'डेलावेअर अँड हडसन' या अमेरिकन रेल्वे कंपनीच्या नावातली अक्षरं जोडून गावाचं नाव झालं, आणि १९१८ साली गावाला स्वतःची नगरपालिका मिळाली. शेजारच्या ला प्रेरीहून तर कॅनडातली पहिली आगगाडी १८३६ साली धावली, म्हणजे आपल्या बोरीबंदर-ठाण्याच्या १७ वर्षं आधी. लागूनच असलेल्या सें-कॉन्स्तांमध्ये 'एक्स्पोरेल' हे मोठं रेल्वे संग्रहालय आहे. तिथे चक्क इंग्लंडहून आलेलं 'डोमिनियन ऑफ कॅनडा' नावाचं वाफेचं इंजिन उभं आहे. लेकीला घेऊन जा, अख्खा दिवस जातो.

पण इतिहास वेगळा आणि वेळापत्रक वेगळं. 'स्टेशन आहे' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे डोंबिवली येते, दर पाच मिनिटांनी लोकल. इथे तसलं काही नाही. शेजारच्या कांदियाकहून निघणारी एक्सोची (इथली लोकल चालवणारी सरकारी संस्था) गाडी डेल्सनला थांबते आणि सें-कॉन्स्तां, सेंट-कॅथरिन करत नदीवरचा पूल ओलांडून शहरात शिरते. पाऊण तासाच्या आसपास धर. गाडी स्वच्छ, गर्दी बेताची, पुलावरून नदी सुंदर दिसते. पण ती नोकरदारांसाठीच आहे : सकाळी शहराकडे, संध्याकाळी परत. मधल्या वेळेत मोजक्याच फेऱ्या, आणि शनिवार-रविवारी गाडी नाही. तुझं ऑफिस वाँदोम किंवा ल्युसियाँ-लालिए स्टेशनच्या आसपास असेल, तर तीन दिवसांसाठी ही गाडी उत्तम. दोन्ही ठिकाणी मेट्रोची नारिंगी लाइन मिळते. मीटिंग लांबून शेवटची गाडी चुकली, तर बसने ब्रोसार हे नदीच्या याच काठावरचं उपनगर गाठण्याचा मार्ग आहे. तिथून २०२३ च्या जुलैअखेर सुरू झालेली आरईएम ही मेट्रोसारखी गाडी थेट मध्य मॉन्ट्रियलला जाते, तीही रोज पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत. खरं सांगू? गाडी हेच तुझं मुख्य कारण असेल, तर ब्रोसारकडे एकदा नजर टाक. भाडं जास्त आहे, पण आपली माणसं आणि आपला किराणा तिथे आहे.

रुळांबद्दल आणखी एक. या मार्गांवर मालगाड्याही धावतात, आणि त्या लांबलचक असतात. फाटकापाशी एकामागून एक कंटेनर जात राहतात आणि आपली कार बंद करून बसावं लागतं. घर बघताना रूळ किती दूर आहेत ते नकाशावर मोज. नवीन घरांसाठी मुख्य रुळापासून ३० मीटर आणि मालगाड्यांच्या यार्डापासून ३०० मीटर अंतर ठेवा, असं देशपातळीवरचं मार्गदर्शक सूत्र आहे. जुन्या घरांना ते कोण लावणार! शक्य तर रात्री अकराला जाऊन दहा मिनिटं उभा राहा. कुर्ल्यात वाढलेल्याला काही वाटणार नाही म्हणा, पण लहान मुलीची झोप सावध असते.

आता भाषा. तुझं ऑफिस इंग्रजीत चालेल. पण डेल्सन जेमतेम आठ हजार वस्तीचं, फ्रेंच बोलणारं गाव आहे. बेकरीत, बालवाडीच्या फाटकाशी, शेजारणीच्या अंगणात फ्रेंचच. माणसं चांगली आहेत, तोडकंमोडकं बोललं तरी खूश होतात, कित्येकदा स्वतःहून इंग्रजीवर येतात. पण त्यांच्या गप्पांत सामील व्हायचं तर फ्रेंच लागते. तू तीन दिवस शहरात जाशील, बाकीचे दिवस स्क्रीनपुढे बसशील. बायको मात्र दिवसभर गावात असेल, आणि नोव्हेंबर ते मार्च तिथे रस्त्यावर माणूस दिसणं मुश्किल. गाडी चालवता येत नसेल आणि फ्रेंच येत नसेल, तर चार खोल्यांत कोंडल्यासारखं होतं. मी हे एकापेक्षा जास्त घरांत पाहिलंय. नवरा खूश, बायकोचा दिवस मात्र आईला व्हिडिओ कॉल करत जातो.

म्हणून तिचं फ्रेंच भारतातच सुरू कर, तुझ्याआधी तिचं. इथे आल्यावर 'फ्रान्सिझास्यों क्युबेक' या सरकारी यंत्रणेतून फुकट वर्ग मिळतात, ऑनलाइनही. शिवाय २०२२ च्या भाषा कायद्यामुळे नवीन आलेल्यांशी सरकारी खाती, काही अपवाद सोडून, सहा महिन्यांनंतर फ्रेंचमध्येच व्यवहार करतात. आरोग्य हा त्यातला अपवाद.

लेकीची शाळा फ्रेंचच, हे धरून चाल. क्युबेकच्या १९७७ च्या भाषा कायद्यापासून तोच नियम आहे. तात्पुरत्या परमिटवाल्यांच्या मुलांना तीन वर्षांपर्यंत इंग्रजी शाळेची सवलत मागता येते, पण राहायचा विचार असेल तर ती घेऊ नकोस. नंतर आठ वर्षांच्या मुलीला फ्रेंच शाळेत टाकणं जास्त जड. आत्ता टाकलीस तर वर्षभरात तीच तुम्हाला दुकानात दुभाषी म्हणून उपयोगी पडेल. ३० सप्टेंबरपर्यंत पाच पूर्ण झाली की बालवर्गात प्रवेश मिळतो. नवीन मुलांना फ्रेंच शिकवायला 'क्लास दाक्योय' असतात, पण प्रत्येक शाळेत नाही. आधी विचार.

भाड्याचं सोपं आहे. जाहिरातीत '४½' लिहिलेलं असलं की दोन बेडरूम, हॉल, किचन. अर्धा म्हणजे बाथरूम. बहुतेक करार १ जुलै ते ३० जून, त्यामुळे जूनअखेर घरं सुटतात आणि १ जुलैला अख्खा प्रांत ट्रकमध्ये सामान भरत असतो. घरमालकाला डिपॉझिट मागायचा कायद्याने अधिकार नाही, फार तर पहिल्या महिन्याचं भाडं आगाऊ घेऊ शकतो. कोणी दोन-तीन महिन्यांचे पैसे मागितले तर सरळ नाही म्हण. छापील करारपत्रात गेल्या बारा महिन्यांतलं सगळ्यात कमी भाडं लिहायचा रकाना असतो, तो कोरा सोडू देऊ नकोस. आणि हीटिंग भाड्यात आहे का, ते विचार. नसेल तर जानेवारीचं विजेचं बिल वेगळं धर.

कार लागेलच. किराणा, दवाखाना, पोहण्याचा वर्ग, सगळं हायवे १३२ च्या आजूबाजूला पसरलंय आणि बर्फात मुलीला घेऊन चालत जाणं होत नाही. भारतीय लायसन्सवर इथे लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. ती तयारी बायकोनेही करावी, हा माझा हट्टच समज. १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर सक्तीचे.

डॉक्टरबद्दल खोटी आशा दाखवत नाही. सरकारी आरोग्य कार्ड सुरू व्हायला तीन महिन्यांपर्यंत लागू शकतात, तोवरचा खासगी विमा भारतातून घेऊनच ये. फॅमिली डॉक्टरसाठी नाव नोंदवून वाट बघायची, ती कितीही लांबते. रात्री ताप आला तर ८११ वर नर्सशी बोलता येतं. जवळचं मोठं रुग्णालय शातोगेला, अना-लाबेर्ज.

तूरडाळ, कढीपत्ता ब्रोसारला मिळतो. जास्त सामान भरायचं असेल तर मॉन्ट्रियलमधला पार्क एक्स्टेन्शन भाग. देऊळ डोलार-दे-ऑर्मो या मॉन्ट्रियलच्या पश्चिमेकडच्या उपनगरात, म्हणजे पूल ओलांडून बराच पल्ला. गणपतीत जाणं होतं, एरवी नाही.

एकदम वर्षाचा करार करू नकोस. पहिला महिना शहरात सामान लावलेली खोली घे आणि दोघं मिळून डेल्सनला एकदा मंगळवारी सकाळी, एकदा रविवारी दुपारी जाऊन या. रविवारी गाडी नसेल, बसने जा. तेवढ्यात बायकोला काय वाटतं ते कळेल. ऑफिसचा पत्ता पाठव, कोणत्या स्टेशनला उतरायचं आणि तिथून किती चालायचं ते सांगते.