छंद म्हणून विमान चालवणे : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

लहान विमानांच्या हौशी उड्डाणाविषयी गेल्या काही आठवड्यांत आलेल्या प्रश्नांपैकी सहा येथे घेतले आहेत. प्रश्न संक्षिप्त केले असून त्यांचा आशय कायम ठेवला आहे.

प्रश्न : माझे वय ४१ आहे, नाशिकला स्वतःचा कारखाना आहे. वैमानिकाची नोकरी करायची नाही, केवळ आवड म्हणून लहान विमान चालवायला शिकायचे आहे. घरचे म्हणतात, हा जिवाशी खेळ आहे. त्यांना काय सांगावे?

त्यांची काळजी निराधार आहे असे मात्र सांगू नका. जगातली सर्वाधिक लहान विमाने अमेरिकेत उडतात आणि तिथल्या नोंदींनुसार, हौशी व खासगी उड्डाणे ज्यात मोडतात त्या सामान्य विमानवाहतुकीत दर एक लाख उड्डाण-तासांमागे साधारण एक प्राणघातक अपघात होतो. प्रवासी विमानकंपन्यांचे प्रमाण याच्या आसपासही नाही. म्हणून ‘विमानप्रवास सर्वांत सुरक्षित’ हे वाक्य चार आसनी विमानाला लावू नये.

मात्र या सरासरीच्या आत पाहिले तर चित्र बदलते. हवेत विमानावरचा ताबा सुटणे, दृश्यमानता नसलेल्या हवामानात शिरणे, इंधन संपणे, विनाकारण फार खालून उडणे ही कारणे पुन्हा पुन्हा दिसतात आणि यंत्र अचानक बिघडल्याने झालेले मृत्यू त्या मानाने कमी असतात. याचा अर्थ, धोक्याचा बराच मोठा भाग वैमानिकाच्या हातात असतो आणि त्यातलाही बराचसा विमान जमिनीवर उभे असतानाच कमी करता येतो. पुढच्या बहुतेक उत्तरांमध्ये मी याच मुद्द्याकडे परत येणार आहे.

आपल्याकडे खासगी वैमानिक परवान्यासाठी वयाची १७ वर्षे पूर्ण, दहावी उत्तीर्ण, वैद्यकीय तपासणी, लेखी परीक्षा आणि किमान ४० तासांचे उड्डाण लागते. मुंबई फ्लाइंग क्लब १९२८ मध्ये जुहूला सुरू झाला आणि १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटांना मिळालेला भारतातला पहिला परवाना तिथल्याच प्रशिक्षणाचा होता. हौशी उड्डाणाची आपली परंपरा इतकी जुनी आहे. आज मात्र बारामती, गोंदिया यांसारख्या ठिकाणच्या संस्थांचा भर व्यावसायिक परवान्यावर असतो, त्यामुळे हौशी विद्यार्थ्याला विमान आणि प्रशिक्षक नियमित मिळतील का, हे आधी विचारून घ्यावे. संस्था पाहायला जाल तेव्हा हवामानामुळे उड्डाण रद्द करण्याचा निर्णय कोण आणि कसा घेते, हेही विचारा. त्याचे उत्तर स्पष्ट मिळाले नाही तर दुसरी संस्था पाहा.

प्रश्न : मी डलासला शिकतो आहे. नियमात ४० तास लिहिले आहेत, माझे ४८ झाले तरी प्रशिक्षक परीक्षेला पाठवत नाहीत. ही पैसे काढण्याची युक्ती आहे का?

बहुधा नाही. अमेरिकेत ४० आणि ब्रिटनमध्ये ४५ तास ही कायद्याने ठरवलेली खालची मर्यादा आहे. प्रत्यक्षात बहुतेकांना साठ-सत्तर तास लागतात, नोकरी सांभाळून आठवड्यातून एकदाच जाणाऱ्यांना त्याहून अधिक. दोन उड्डाणांमध्ये दहा दिवस गेले की पुढच्या तासाचा पहिला भाग मागचे आठवण्यात जातो. शक्य असेल तर पैसे आधी साठवा आणि मग आठवड्यातून दोन-तीन वेळा उडा. एकूण खर्च त्यानेच आटोक्यात राहतो.

‘माझ्यात नेमके काय कमी पडते ते लिहून द्या’ असे प्रशिक्षकांना जरूर सांगा. आडव्या वाऱ्यातले उतरणे, कमी वेगातली हाताळणी, रेडिओवरचे बोलणे, असे काहीतरी ठोस नाव त्यांना देता आले पाहिजे. तसे ते देता येत नसेल तर दुसऱ्या प्रशिक्षकाबरोबर एक तपासणी-उड्डाण करून घेणे योग्य ठरेल.

प्रश्न : मी कोल्हापूरचा, सध्या प्रशिक्षण घेतो आहे. स्टॉलच्या सरावाची मला फार भीती वाटते. तो इतक्या उंचीवर आणि इतक्या वेळा का करवून घेतात?

आपली भीती योग्य जागी आहे, फक्त ती योग्य गोष्टीची असावी. स्टॉल म्हणजे इंजिन बंद पडणे नव्हे. समोरून येणाऱ्या हवेशी पंखाचा होणारा कोन एका मर्यादेपलीकडे, लहान विमानांत साधारण १५ ते १८ अंशांपलीकडे गेला की पंखावरून वाहणारी हवा पृष्ठभाग सोडते आणि उचल एकदम घटते. हे कोणत्याही वेगाला आणि विमानाच्या कोणत्याही स्थितीत होऊ शकते. वेगमापकावरचा स्टॉलचा आकडा सरळ, समतल उड्डाणापुरता खरा असतो. उंची न गमावता वळताना ३० अंश कलले तर स्टॉलचा वेग सुमारे ७ टक्क्यांनी वाढतो, ४५ अंशांना १९ टक्क्यांनी आणि ६० अंशांना तब्बल ४१ टक्क्यांनी.

आता धावपट्टीकडे येणारे शेवटचे वळण पाहा. पाठीमागून वारा आहे, वळायला किंचित उशीर झाला आणि विमान धावपट्टीच्या रेषेपलीकडे जाऊ लागले. इतक्या खाली जास्त कलायची भीती वाटते, म्हणून वैमानिक पायाने रडर, म्हणजे शेपटीवरचे उभे सुकाणू, दाबून नाक धावपट्टीकडे ओढतो. त्यामुळे विमान आणखी कलू लागते आणि नाक खाली जाते. ते सावरायला तो कंट्रोल उलट बाजूला फिरवतो आणि अंगाकडे ओढतो. आतल्या बाजूचा पंख आधी स्टॉल होतो आणि विमान त्या बाजूला उलटून गिरकी घेऊ लागते. तीन हजार फुटांवर यातून बाहेर येता येते, चारशे फुटांवर त्यासाठी उंचीच उरलेली नसते. यात इंजिन ठीक असते, हवामान स्वच्छ असते आणि धावपट्टी डोळ्यांसमोर असते. म्हणूनच हे अपघात मला सर्वांत अधिक अस्वस्थ करतात.

उपाय दोन आहेत. पहिला हाताचा : कंट्रोल पुढे देऊन पंखाचा कोन कमी करणे, मग पंख समतल करणे, शक्ती वाढवणे, आणि हा क्रम इतका अंगवळणी पाडणे की दचकलेल्या अवस्थेतही हात आधी मागे ओढणार नाही. आपल्याकडून सराव वारंवार करवून घेतात तो एवढ्यासाठी. दुसरा उपाय निर्णयाचा आहे आणि तो मी अधिक महत्त्वाचा मानतो. शेवटच्या वळणात रेषा चुकली तर ती दुरुस्त करत बसायचे नाही, शक्ती देऊन वर जायचे आणि पुन्हा फेरी मारून यायचे, हे उड्डाणापूर्वीच ठरवलेले असावे. असे पुन्हा वर जाणे, म्हणजे गो-अराउंड, घेतल्याबद्दल कोणी हसत असेल तर त्याच्याकडे दुर्लक्ष करा.

अमेरिकेने १९४९ मध्ये खासगी परवान्यासाठीची स्पिनची, म्हणजे वर सांगितलेल्या गिरकीच्या सरावाची, सक्ती काढून टाकली आणि भर स्टॉल टाळण्यावर दिला. तरीही, त्यासाठी मान्यता असलेल्या विमानात आणि अनुभवी प्रशिक्षकाबरोबर स्पिनचे एक-दोन धडे प्रत्येकाने घ्यावेत, असे माझे मत आहे. केवळ सरळ उड्डाणातला नव्हे, वळणातला स्टॉलही दाखवा, अशी मागणी आपल्या प्रशिक्षकांकडे करा.

प्रश्न : मी ब्रिटनमध्ये लीसेस्टरजवळ उडतो. तापमान १५ अंश, हवा दमट. उतरण्यासाठी शक्ती कमी केल्यावर इंजिन खडखडू लागले, जमिनीवर तपासले तर काहीच सापडले नाही. असे का व्हावे?

आपण दिलेली लक्षणे कार्बोरेटरमध्ये, म्हणजे इंजिनासाठी हवा आणि इंधन मिसळणाऱ्या भागात, बर्फ धरल्याची दिसतात. इंधनाची वाफ होताना आणि अरुंद नळीतून हवा वेगाने जाताना आतले तापमान वीस-तीस अंशांनीही उतरू शकते, म्हणून बाहेर आल्हाददायक हवा असताना आत बर्फ जमतो. थ्रॉटल, म्हणजे शक्ती कमी-जास्त करणारी झडप, अर्धवट बंद असताना, म्हणजे नेमके खाली येताना, हा धोका वाढतो. उतरल्यावर तो बर्फ वितळून जातो आणि मेकॅनिकच्या हाती काही लागत नाही. स्थिर पात्यांच्या पंख्याच्या विमानात कारणाशिवाय फेरे कमी होणे ही पहिली खूण असते. अशा वेळी कार्बोरेटर हीट, म्हणजे त्यात गरम हवा सोडणारी सोय, पूर्ण उघडा, अर्धवट नको. वितळलेले पाणी इंजिनात गेल्याने काही क्षण खडखड वाढेल. घाबरून ती लगेच बंद करणे ही नेहमी होणारी चूक आहे. शक्ती कमी करण्याच्या आधीच ती उघडायची सवय लावून घ्या, आणि आपल्या विमानाच्या पुस्तिकेत याविषयी काय लिहिले आहे ते अंतिम माना. कोकण किंवा गोव्याच्या दमट किनाऱ्यावर ‘इथे कुठला बर्फ’ असे समजणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावे.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. यजमानांना गेल्या वर्षी परवाना मिळाला. सांगलीहून सासू-सासरे तीन आठवड्यांसाठी येत आहेत. त्यांना चार आसनी सेसना १७२ मधून हडसन नदीवरून मॅनहॅटन दाखवायचे यांच्या मनात आहे. मी होकार द्यावा का?

होकार सरसकट न देता अटींवर द्यावा, असे मी सुचवेन.

आधी वजन. चार आसने आहेत म्हणजे चार माणसे आणि पूर्ण भरलेली टाकी चालते, असा समज घातक आहे. १७२ च्या ‘एस’ प्रकारात कमाल वजन २,५५० पौंड, म्हणजे सुमारे १,१५७ किलो. विमानाचे स्वतःचे वजन वजा केल्यावर साधारण ३९० किलो उरतात आणि पूर्ण इंधन त्यातले जवळपास १४५ किलो खाते. चार जणांचे कपड्यांसकट तीनशे किलो धरले तर हा हिशेब बसत नाही. इंधन कमी भरावे लागेल. तासाभराच्या फेरीला ते पुरून उरेल, पण त्या विशिष्ट विमानाच्या वजनपत्रकावरून हे आकडे आणि वजनाचा तोल कागदावर मांडलेला आपण स्वतः पाहा. सासऱ्यांचे वजन अंदाजाने न लिहिता काट्यावर घ्यावे. यात संकोच नको.

हडसनवरच्या मार्गाला खास नियम आहेत. ८ ऑगस्ट २००९ रोजी तिथे एक लहान विमान आणि पर्यटकांचे हेलिकॉप्टर यांची टक्कर होऊन नऊ जण दगावले, त्यानंतर ते कडक झाले. १,३०० फुटांखालच्या या पट्ट्यात तिथे न रेंगाळता नुसते पार जाणाऱ्यांनी १,००० फुटांच्या वर राहायचे असते, वेग १४० नॉट्सपेक्षा (ताशी सुमारे २६० किलोमीटर) जास्त चालत नाही, ठरलेल्या खुणांवर रेडिओवरून आपले स्थान सांगावे लागते आणि आपापल्या उजव्या किनाऱ्याने जायचे असते. विमाने एकमेकांपासून दूर ठेवायला तिथे नियंत्रक नसतो. त्यासाठीचा विनामूल्य अभ्यासक्रम यजमानांनी पुरा करावा आणि आई-वडिलांना नेण्यापूर्वी याच मार्गावर एकदा प्रशिक्षकाला बरोबर घेऊन जावे.

सर्वांत मोठा धोका मात्र ‘तीन आठवडे’ या शब्दांत आहे. परतीचे तिकीट ठरलेले, आई-वडील पहिल्यांदाच आलेले, शनिवारी थोडे धुरकट, आणि मनात येते की जाऊन तर पाहू. १९५४ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात, उपकरणांवरून उडण्याचे शिक्षण नसलेल्या २० वैमानिकांना ढगातल्यासारख्या स्थितीत ठेवून पाहिले. वीसही जणांचा ताबा सुटला, आणि तो सुटेपर्यंतचा सरासरी वेळ होता १७८ सेकंद. क्षितिज दिसेनासे झाले की आतल्या कानाची जाणीव माणसाला फसवते; आपण सरळ आहोत असे वाटत असताना विमान वळत आणि खाली जात असते. १६ जुलै १९९९ रोजी अमेरिकेचे माजी अध्यक्ष केनेडी यांचे पुत्र जॉन केनेडी धाकटे, स्वतः विमान चालवत असताना, पत्नी आणि मेहुणीसह मार्थाज व्हिनयार्ड बेटाजवळ समुद्रात कोसळले, तेव्हा ढगही नव्हता. रात्र होती, खाली पाणी होते आणि हवा धुरकट होती.

म्हणून पाहुणे येण्यापूर्वीच दोघांनी बसून लिहून काढा : किती मैल दिसले पाहिजे, ढग किती उंच हवेत, वारा किती चालेल, उड्डाण दिवसाच, आणि एकही अट मोडली तर रद्द. हे आकडे कायद्याच्या किमान मर्यादेपेक्षा बरेच कडक ठेवा. सासू-सासऱ्यांनाही आधीच सांगा की हे जमेलच असे नाही, आणि त्या दिवशीचा दुसरा बेत तयार ठेवा. मुलाला ‘आज नको’ म्हणणे सोपे व्हावे, ही त्या दोघांनी त्याला केलेली सर्वांत मोठी मदत ठरेल.

प्रश्न : अमेरिकेत परवाना मिळवला होता. सहा वर्षे उडालो नाही. आता ५८ व्या वर्षी पुण्यात स्थायिक झालो आहे आणि पुन्हा सुरुवात करायची आहे. संपूर्ण विमानाला पॅराशूट असलेले विमान निवडावे का?

मिळाले तर चांगलेच, पण त्यावर विसंबून परत येऊ नका. अशी विमाने आल्यावर सुरुवातीच्या काळात प्राणघातक अपघात अपेक्षेइतके घटले नाहीत, कारण वैमानिक दोर ओढतच नसत किंवा फार उशिरा ओढत. कोणत्या उंचीला, कोणत्या प्रसंगी ओढायचा हे प्रशिक्षणात घोटून घेणे सुरू झाल्यावर फरक पडला.

परवान्याची कागदपत्रे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडून भारतातल्या उड्डाणासाठी आधी नियमित करून घ्या. मग प्रशिक्षकाबरोबर नवशिक्याप्रमाणे सुरुवात करा : कमी वेग, स्टॉल, आडवा वारा, आणि उड्डाणानंतर लगेच इंजिन बंद पडण्याचा सराव. अशा वेळी धावपट्टीकडे परत वळण्याचा मोह होतो. किती उंचीखाली तो विचारही करायचा नाही आणि सरळ समोर उतरायचे, हा आकडा प्रत्येक उड्डाणापूर्वी मोठ्याने म्हणा.

इथला उन्हाळा हा आपल्यासाठी नवा विषय असेल. पुण्याच्या परिसरात, सुमारे १,९०० फूट उंचीवर, एप्रिलमध्ये पारा ४० अंशांवर गेला की हवा इतकी विरळ होते की विमान ५,३०० फुटांच्या आसपास असल्यासारखे वागते. धावण्याचे अंतर वाढते, चढण्याचा वेग घटतो. वजन कमी ठेवा आणि सकाळी लवकर उडा.

राहिली प्रकृती. वैद्यकीय प्रमाणपत्र हाती असले तरी त्या दिवशी सकाळी आपण ठीक आहोत का, हे वेगळे तपासावे लागते. अमेरिकेतल्या अपघातचौकशी मंडळाने २०१४ मध्ये मृत वैमानिकांच्या तपासण्यांचा आढावा घेतला, तेव्हा गुंगी आणणाऱ्या औषधांत सर्वाधिक आढळले ते डायफेनहायड्रामीन, म्हणजे सर्दी, अ‍ॅलर्जी आणि झोपेच्या साध्या गोळ्यांतला घटक. ते घेतल्यावर ६० तास उडू नये, असा तिथल्या विमानवाहतूक प्रशासनाचा सल्ला आहे. आपण नेहमी घेत असलेल्या औषधांची यादी घेऊन पहिल्या उड्डाणापूर्वी विमानवाहतुकीची मान्यता असलेल्या डॉक्टरांना भेटा.